नवीन का तुम्ही?

ईस्टरच्या आदल्या रात्रीच्या जागरणविधीला माझ्या छातीवर ‘सुस्वागतम्’ची पट्टी चिकटवण्यात आली. तीही वसईत, ज्या धर्मग्रामाच्या (पॅरिशच्या) वहीत माझ्या स्नानसंस्काराची, म्हणजे बाप्तिस्म्याची, नोंद आहे, त्याच देवळाच्या अंगणात. पट्टी निघाली, सदऱ्यावरचा गोंद अजून निघत नाही. राग त्याहून चिवट आहे.

हा विधी अंधार पडल्याशिवाय सुरू करायचा नसतो, त्यामुळे बहुतेक सगळे न पेटलेल्या मेणबत्त्या घेऊन बाहेर उभे. फादर पास्काच्या, म्हणजे ईस्टरच्या, मोठ्या मेणबत्तीवर क्रूस कोरणार, वर आल्फा, खाली ओमेगा, मध्ये सालाचे चार आकडे, मग धूपाचे पाच कण. तेवढ्यात स्वागत समितीचा बिल्ला लावलेले एक काका टॉर्च घेऊन थेट माझ्या डोळ्यांत.

“नवीन का तुम्ही?”

“नाही हो, इथलाच.”

“झोन कुठला?”

सांगितला. (झोन म्हणजे धर्मग्रामाचे वस्तीनुसार पाडलेले भाग.)

“तिथल्या प्रार्थनेला दिसला नाहीत कधी. रविवारची मिस्सा कितीची?”

“सकाळी साडेसहाची.”

“मी नऊच्या मिस्साला असतो.” एवढं बोलून त्यांनी टॉर्च खाली केला. खटला निकाली निघाला होता. “म्हणजे नवीनच की!”

मी आडनाव सांगून पाहिलं. डिमेलो. “कुठले डिमेलो?” आता हा प्रश्न आमच्याकडे रास्त आहे. अर्धं गाव डिमेलो आणि उरलेलं लोपीस, तुस्कानो, डाबरे असलं की माणूस आडनावाने नाही, आळीने आणि घराला पडलेल्या नावाने ओळखला जातो. मी आळी सांगितली, घराचं नाव सांगितलं, आजोबांचं टोपणनाव सांगितलं. काका कौतुकाने ऐकत राहिले आणि म्हणाले, “वा, बरीच माहिती काढलीत हो!”

शेवटी मीच विचारलं, “तुम्ही इथे कधीपासून?”

“आम्ही एकदम जुने. बिल्डिंगला ओसी मिळायच्या आधीपासूनचे.”

मग फॉर्म. एव्हाना पास्काच्या मेणबत्तीवरून ज्योत हातोहात मागे येत होती. यात नियम एकच: जळती मेणबत्ती सरळ ठेवायची, न पेटलेली तिच्याकडे वाकवायची. उलट केलं की मेण खाली. काकांनी उलट केलं. मेण ‘पूर्वीचा धर्मग्राम’ या रकान्यावर सांडलं, नेमकं मी ‘हाच’ लिहिलं होतं त्याच्यावर. काकांनी नखाने खरवडलं, मजकूरही निघाला, आणि त्यांनी स्वतःच्या हाताने तिथे लिहिलं, ‘सांगता येत नाही’. वर पट्टी चिकटवली. (कपड्यावर मेण पडलं तर कागद ठेवून वरून इस्त्री फिरवावी, कागद मेण पितो. गोंदाला मात्र हा उपाय चालत नाही, उलट तो पक्का बसतो.)

आत पंखे बंद, कारण पंख्याने ज्योती विझतात. वसईतला एप्रिल, खच्चून भरलेलं देऊळ आणि शेकडो मेणबत्त्या. जुन्या करारातली वाचनं सात. सोयीसाठी तीनपर्यंत कमी करता येतात, पण तांबडा समुद्र ओलांडण्याचं वाचन गाळता येत नाही. इस्राएली लोक कोरड्या पायांनी गेले, आम्ही मात्र ओलेचिंब. मग गौरवगीत, घंटा, स्नानसंस्कार, त्याच्या वचनांची उजळणी, कम्युनियन. सगळ्यात शेवटी, सगळ्यांचे पाय दुखत असताना, सूचना झाली: “नवीन कुटुंबांनी उभं राहावं.” काकांनी खांबामागून मला खूण केली. मी उठलो नाही, तर मागच्या बाकावरच्या बाईंनी ढोसलं, “उठा हो, लाजताय काय!” टाळ्या. एक गुलाब.

माझ्याच बाकावर मंगळूरहून आलेलं एक जोडपं होतं, दोन मुलं. खरे नवीन. त्यांना कोणी पट्टी लावली नाही, कारण ते लवकर येऊन पुढे बसले होते आणि काकांच्या शास्त्रात पुढे बसतात ते जुने. बाकाच्या टोकाच्या माणसाने आत सरकायला नकार दिल्यामुळे ती चौघं त्याचे गुडघे ओलांडून आत आली होती. आमच्याकडे स्वागत होतं ते एवढंच.

गुलाबाऐवजी त्यांना दोन वाक्यं कोणी सांगितली असती तर बरं झालं असतं. आधीच्या धर्मग्रामातून फादरांचं पत्र आणा, स्नानसंस्काराचे आणि लग्नाचे दाखले जोडा. मूळ नोंद जिथे स्नानसंस्कार झाला त्याच वहीत राहते. दृढीकरण (कन्फर्मेशन) आणि लग्न झालं की तिथे कळवून शेरा मारून घ्यायचा असतो. हा शेरा राहिला की मुलांच्या लग्नाच्या वेळी कार्यालयात चकरा सुरू होतात, कारण तेव्हा जुना दाखला चालत नाही, सहसा सहा महिन्यांच्या आतला लागतो. आणि तेव्हा समजतं की शेराच नाही.

त्या रात्री ज्या प्रौढांचा स्नानसंस्कार होतो, त्यांची तर आणखी तऱ्हा. स्नानसंस्कार, दृढीकरण, पहिलं कम्युनियन, तिन्ही संस्कार एका रात्रीत, पांढरा पोशाख, हातात मेणबत्ती, फोटो. विधिग्रंथ सांगतो, ईस्टरपासून पेंटेकॉस्टपर्यंतचे पन्नास दिवस त्यांचे: दर रविवारी त्यांना आणि धर्ममातापित्यांना खास जागा, प्रवचनात आणि प्रार्थनांत त्यांची आठवण. प्रत्यक्षात ईस्टरआधीच्या उपवासकाळात अडलेली सगळी लग्नं ईस्टरनंतरच्या मे महिन्यात कोसळतात. देऊळ मंडपवाल्यांच्या ताब्यात, स्वागत समिती वऱ्हाडात. दुसऱ्या रविवारी नवा माणूस दारात उभा राहून बसायला जागा शोधतो आणि बाकाच्या टोकाचा माणूस जागचा हलत नाही.

फॉर्म कार्यालयाच्या खणात पडलेत. त्यात झोनचा रकाना आहे, पण नव्या माणसाने आपला झोन कुठला हे कोणाला विचारायचं, ते त्यावर छापलेलं नाही. काकांना विचारायचं तर ते नऊच्या मिस्साला असतात.