जंगल परत कसं करावं: होतकरूंसाठी चार गोष्टी

पश्चिम कॅनडात जाऊन थोडं तेल काढावं असं तुमच्या मनात आलं असेल, तर जागा उत्तम निवडलीत. अल्बर्टा प्रांत, अथाबास्का नदी, फोर्ट मॅकमरे गावाच्या उत्तरेचा मुलूख. वर स्प्रूस आणि टॅमरॅकची झाडं, त्याखाली हजारो वर्षं साचत आलेला अर्धवट कुजलेल्या शेवाळाचा थर, म्हणजे पीट, त्याखाली माती-दगड आणि सगळ्यात खाली डांबरात माखलेली वाळू. पिंपभर तेलासाठी ही वाळू साधारण दोन टन उपसायची. वाळूच्या वर जे काही माती-दगड असतात त्यांना धंद्यात ‘ओव्हरबर्डन’ म्हणतात, म्हणजे वरचं ओझं. हा शब्द तोंडात बसवून घ्या. ओझं म्हटलं की ते उतरवणाऱ्याला लोक दुवाच देतात.

उपसा सोपा आहे, १९६७ पासून चाललाय. अवघड भाग पुढचा: जमीन परत करायची असते. पण घाबरू नका. नियम नीट वाचा. होतं तसं जंगल परत द्या, असं त्यात कुठंही नाही. ‘समतुल्य भूक्षमता’ असलेली जमीन द्या, एवढंच आहे. शेजारणीकडून वाटीभर केशर उसनं आणायचं आणि वाटीभर हळद परत करायची. वाटी तीच, रंगही पिवळाच. कुरकुर केलीच तर तिला विचारायचं, स्वयंपाकाची क्षमता कमी झाली का?

हळदीचा उपयोग इथं खरोखर होतो. तुम्ही खणणार त्यातली बरीचशी जमीन म्हणजे पाणथळ दलदल. पीट वर्षाला जेमतेम एखादा मिलिमीटर वाढतं, त्यामुळे ते बनवून देणं कोणाच्याच कंत्राटात बसत नाही. म्हणून दलदलीच्या जागी कोरड्या टेकड्या द्या आणि त्यांवर झाडं लावा. टेकडी दलदलीपेक्षा फोटोत चांगली येते.

पहिली टेकडी अशी निवडा की जिथं वाळू धुऊन उरणारा विषारी गाळ कधी नव्हताच. सिंक्रूड कंपनीनं ‘गेटवे हिल’ निवडली, ती वरच्या ओझ्याचाच ढीग होती. मार्च २००८ मध्ये तिला प्रांताकडून पुनर्स्थापनेचं प्रमाणपत्र मिळालं. तेलवाळूच्या इतिहासातलं पहिलंच. क्षेत्र १०४ हेक्टर, आणि तोवर खणून झालेली जमीन हेक्टरात नव्हे, शेकडो चौरस किलोमीटरमध्ये मोजली जात होती. पण पेढे वाटताना भागाकार करायचा नसतो.

पेढ्यांचा डबा आवरायच्या आत, म्हणजे एप्रिलअखेर, बदकं आली. वसंतात उत्तरेला निघालेले थवे मोकळं पाणी शोधतात. बाकी तळी अजून गोठलेली, आणि त्याच कंपनीचं गाळाचं तळं तेवढं उघडं. पाखरं हुसकावणाऱ्या तोफा बर्फाच्या वादळामुळे लागल्याच नव्हत्या. आधी सांगण्यात आलं की पाचशे मेली. मोजणी संपेपर्यंत आकडा १,६०६ वर गेला. २०१० मध्ये ३० लाख डॉलरचा दंड झाला. यातून घ्यायचा धडा असा की पहिला आकडा लहान सांगावा. मोठा येईपर्यंत वार्ताहर घरी गेलेले असतात.

गाळाच्या तळ्याबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण खरी कला तिथं आहे. आधी नाव. ‘तळं’च म्हणायचं. ऐकणाऱ्याला घाट, वड आणि चार म्हशी दिसल्या पाहिजेत. प्रत्यक्षात मैलोगणती मातीचे बांध आणि आत वाळू धुतलेलं पाणी, त्यात नॅफ्थेनिक नावाची विषारी आम्लं, डांबराचे अंश आणि चिकणमातीचे इतके बारीक कण की ते दशकानुदशकं खाली बसत नाहीत. सगळ्या तळ्यांतला पातळ गाळ मिळून एक अब्ज घनमीटरच्या वर गेलाय. २००९ मध्ये प्रांताच्या नियामकानं मुदती घालून गाळ सुकवा म्हटलं. कंपन्यांना मुदती पाळता आल्या नाहीत. २०१५ मध्ये काय मागं घेतलं असेल? गाळ नव्हे, नियम.

तरी एखादं तळं बुजवून दाखवावं लागतंच. सनकोर कंपनीनं आपलं सगळ्यात जुनं तळं २०१० मध्ये बुजवलं आणि त्यावर २२० हेक्टरांत झाडं लावली. आतला न बसणारा गाळ? तो दुसऱ्या तळ्यात उपसला. घर आवरताना पसारा शेजारच्या खोलीत ढकलतात ना, तसाच. पाहुणे दिवाणखान्यातच बसतात. त्या जागेचं नाव ‘वापिसिव लुकआउट’ ठेवलं. १७१९ मध्ये हडसन बे या फरच्या व्यापारी कंपनीला डांबरी वाळूचा नमुना आणून देणाऱ्या, क्री या मूळनिवासी जमातीतल्या माणसाची ही आठवण. क्री भाषेत वापिसिव म्हणजे हंस. पाखरांची आठवण एवढ्या आदरानं क्वचितच कोणी ठेवली असेल.

आता देखरेख. ती तुम्हीच करवून घ्या, पैसेही तुम्हीच द्या. १९९७ पासून नदीच्या पाण्यावर लक्ष ठेवणारा कार्यक्रम उद्योगाच्याच पैशावर चालायचा आणि बहुतेक वेळा सगळं ठीक निघायचं. नदीत काही सापडलंच तर म्हणायचं, निसर्गाचं आहे. हे अर्धं खरंही आहे: अथाबास्काच्या काठातून डांबर पूर्वापार पाझरतं, इथले लोक ते स्प्रूसच्या डिंकात कालवून होड्यांच्या भेगा बुजवत. पण मग अल्बर्टा विद्यापीठातले डेव्हिड शिंडलर आणि त्यांचे सहकारी उपद्व्याप करून बसले. त्यांनी बर्फ वितळवून तपासला. कारखान्यांच्या जवळच्या बर्फात प्रदूषण जास्त, दूर जावं तसं कमी. काठातून डांबर पाझरतं हे मान्य, आकाशातून पाझरतं हे पटवणं जड गेलं. २००९ आणि २०१० मध्ये निष्कर्ष छापून आले, मग जुन्या कार्यक्रमाच्या चौकशा झाल्या, बदल टिपण्याची त्याची ताकदच नाही असं निघालं. २०१४ मध्ये देखरेखीसाठी स्वतंत्र संस्था काढली. २०१६ मध्ये ती गुंडाळली. मधली दोन वर्षं ज्यांनी तिचे लेटरहेड छापले त्यांचं मला वाईट वाटतं.

गळती झाली तर कळवायचं कोणाला, हा नाजूक प्रश्न. इम्पीरियल ऑइलच्या कर्ल खाणीजवळ मे २०२२ मध्ये रंग बदललेलं पाणी दिसलं. एवढी वर्दी दिली, आणि त्यानंतर नदीच्या खालच्या अंगाच्या फोर्ट चिपेवायन गावच्या लोकांना नऊ महिने काही नाही. या काळात माणसं त्या रानात शिकार करत होती, मासे धरत होती. फेब्रुवारी २०२३ मध्ये दुसरी ५३ लाख लिटरची गळती झाली तेव्हा पहिलीचीही बातमी फुटली. २०२४ मध्ये नियामकानं दंड केला ५०,००० डॉलर. बदकांचा दर आठवतोय ना? हिशेबाच्या वहीत दोन्ही शेजारी लिहू नका.

जमीन परत कराल याची हमी म्हणून ठेवायच्या अनामत रकमेची चिंता तर करूच नका. २०११ पासूनच्या योजनेत जमिनीखाली उरलेलं तेल हीच तुमची पत धरतात. खाणीत पंधरा वर्षांचा साठा उरला की हळूहळू भरायला लागा. २०१५ मध्ये प्रांताच्या महालेखापरीक्षकांनी मांडलं, कोळसा आणि तेलवाळू खाणींची देणी २०.८ अब्ज डॉलर, हातातली हमी १.५७ अब्ज. बाकीचं तेल विकून येईल. सगळं तेल विकून झाल्यावर, म्हणजे विकायला तेल उरणार नाही तेव्हा, द्यायचं.

शेवटी एक खरीखुरी दलदल बनवून दाखवा, संशोधकांना बोलवा. तेही मन लावून काम करतात, त्यांची चेष्टा मी करणार नाही. सनकोरच्या जमिनीवर २०१३ मध्ये अशी एक उभी राहिली, सुमारे तीन हेक्टरांची. तिचं नाव ‘निकानोटी’. क्री भाषेत भविष्यकाळ. नुसतं नाव ठेवून निघून जाऊ नका. तिथं एक माणूस नेमा, त्याच्या हातात शाळेतली पट्टी द्या, आणि दरवर्षी शेवाळ किती वाढलं ते लिहायला सांगा. पट्टी पंधरा सेंटिमीटरची पुरे. ती भरायला दीडेकशे वर्षं आहेत, तोवर त्याला बसायला खुर्ची मात्र चांगली द्या.