दोन रेडियनची बाग

काल रात्री वॉचमनने गेटवर अडवून विचारलं, "साहेब, माझ्या सायकलला मागून रेडियम लावून द्याल का? काका म्हणाले, तुमचं तेच काम आहे."

माझं ते काम नाही. पण वर्तकनगरातल्या आमच्या सोसायटीत हे आता कुणाला पटायचं नाही.

झालं एवढंच, की २० मीटर जाळी उरली होती आणि तिच्यात फुलझाडांचा वाफा करायचा होता. आकार पंख्याचा, कारण सेक्रेटरीबाईंनी कुठल्याशा रिसॉर्टात तसा पाहिला होता. म्हणजे वर्तुळपाकळी: दोन त्रिज्या, एक कंस, सगळं मिळून २०. जागा जास्तीत जास्त कशी मिळेल? शाळा सुटल्यापासून गणितातलं विकलन कधी भाजी आणायलाही उपयोगी पडलं नव्हतं, म्हणून मी हावरटासारखा पुढे झालो. क्षेत्रफळ म्हणजे त्रिज्येची दहापट वजा त्रिज्येचा वर्ग. त्रिज्या ५ असली की ते सगळ्यात जास्त, २५ चौरस मीटर. कंस १०.

"कोन दोन रेडियन!" मी जाहीर केलं.

तिसऱ्या मजल्यावरचे काका ऑडिटमधून निवृत्त झालेत. सोसायटीत खिळा जरी ठोकायचा असला तरी ते आपली प्लास्टिकची खुर्ची घेऊन खाली येतात.

"रेडियम कशाला? रात्री चमकायला हवीत का झाडं?"

"रेडियन, काका. कोनाचं माप."

"कोन अंशात असतो."

"तेच. दोन रेडियन म्हणजे साधारण ११४.६ अंश."

"मग दोन का म्हणालात? दोन अंशांत तुळस उभी राहील, पण पाणी घालायला माणूस कुठून शिरणार? आणि हे पॉइंट सहा माळी कशाने मोजणार? काटकोन करा. कपाटाला काटकोन असतो, दाराला असतो, कुणाचं काही अडलंय?"

रेडियन हा शब्द पहिल्यांदा छापला गेला तो १८७३ साली, बेलफास्टच्या क्वीन्स कॉलेजात जेम्स थॉमसन यांनी काढलेल्या परीक्षेच्या प्रश्नांत. जन्मच प्रश्नपत्रिकेत, मग लोक प्रेमाने कशाला बोलतील?

आमचं असं चाललेलं असताना माळीदादांनी विचारलं, "साहेब, कोन ऱ्हाऊ द्या. दोरी किती?"

"पाच मीटर."

त्यांनी खुंटी ठोकली, दोरी फिरवून चुन्याची रेघ ओढली आणि तीच दोरी रेघेवरून वाकवत दोनदा लावली. संपलं. त्रिज्येएवढा कंस म्हणजे एक रेडियन, हे मी वीस मिनिटं घसा फोडून सांगत होतो.

रात्री काकांचा ग्रुपवर मेसेज: "काटकोन केला असता तर २४.६४. फरक ०.३६. म्हणजे दोन बाय दोन फुटांची एक लादी. यासाठी रविवार गेला. ५ बाय ५ चा साधा चौकोन केला असता तरी २५च." खाली सतरा अंगठे.

मी तीनदा पडताळून पाहिलं. सगळं बरोबर आहे, तेच झोंबतं. टाकीचं गळकं पाणी चार महिने कुणाला मोजावंसं वाटत नाही, माझी लादी मात्र दोन दशांश स्थळांपर्यंत!

आज सकाळी वाफा बघायला गेलो. रोपं अजून आलेली नाहीत. कंसाच्या टोकाशी, जाळीच्या आत, काकांची खुर्ची होती. सावली तिथेच येते म्हणाले.