नियम काढले की घरं स्वस्त? मुंबईत हे करून झालंय

सोसायटीच्या ग्रुपवर एक मजकूर फिरून फिरून येतो. सार असं: मुंबईत घरं महाग आहेत ती सरकारी कायद्यांमुळेच, भाडे नियंत्रण, जमिनीची कमाल मर्यादा, एफएसआय (भूखंडाच्या किती पट बांधायचं याची मर्यादा) सगळं उठवा, दर निम्म्यावर येतील. यातलं जे खरं आहे ते आधी मान्य करतो.

‘भाडे नियंत्रणाने चाळी मोडकळीला आणल्या.’ आणल्याच. 1947 च्या कायद्याने जुन्या जागांची भाडी सप्टेंबर 1940 च्या पातळीला बांधली आणि दशकानुदशकं तिथेच ठेवली. लालबागच्या आमच्या खोलीचं महिन्याचं भाडं दोन वडापावांत भागायचं. तेवढ्यात मालक गच्चीची गळती काय काढणार? गोठवलेलं भाडं आता अवाजवी ठरतं, असं सर्वोच्च न्यायालयानेही 1997 मध्ये म्हटलं. मालकांनी वसुली केली ती पागडीतून, म्हणजे जागा देताना घेतलेल्या एकरकमी रकमेतून. 1999 च्या कायद्याने पागडी अधिकृत केली आणि भाड्यात वर्षाला 4 टक्के वाढीची मुभा दिली.

‘म्हणूनच आज भाडी परवडत नाहीत.’ हे नाही पटत. आज आपण ज्या 11 महिन्यांच्या करारावर राहतो तो लिव्ह अँड लायसन्स. त्यात रक्कम मालक ठरवतो, सरकार नाही. मुदत संपून जागा सोडली नाही तर दुप्पट शुल्काची तरतूद आहे, तीही मालकाच्या बाजूची. गोठलेलं भाडं उरलंय ते जुन्या पागडीच्या इमारतींत. त्यापायी कांदिवलीच्या नव्या टॉवरमधला टू बीएचके कसा महागतो, ते मजकूर सांगत नाही.

‘कमाल जमीन धारणा कायदा हटवला की जमीन खुली होईल.’ होईल कसली, हटवून झालाय! एकाकडे किती मोकळी जमीन राहू शकते, याला मर्यादा घालणारा 1976 चा हा कायदा मुंबईत 500 चौरस मीटरवरच्या मोकळ्या जमिनीला लागू होता. महाराष्ट्राने तो नोव्हेंबर 2007 मध्ये रद्द केला. 2008 च्या जागतिक मंदीत दर जरा नरमले, मग पुढची काही वर्षं भडकतच गेले. कायदा राहिला असता तर आणखी भडकले असते, असं कुणी म्हणेल. म्हणो, पण मजकुरातलं वचन निम्म्या दराचं आहे.

एफएसआयचं थोडक्यात. 2018 च्या विकास नियमावलीने शहरात निवासी बांधकामाला 3 पर्यंत वाट दिली. त्यातला बराचसा भाग प्रीमियम (जादा शुल्क) भरून किंवा टीडीआर (दुसऱ्या जागेचा बांधकाम हक्क) विकत घेऊन मिळतो, आणि तो पैसा घराच्या दरात चढतो ही तक्रार रास्त आहे.

‘मोकळी जमीन मिळाली की बिल्डर सामान्यांसाठी बांधतील.’ याचं उत्तर बंद कापड गिरण्यांच्या गिरणगावात उभं आहे. 1991 च्या विकास नियमावलीतला नियम 58 सांगायचा: गिरणीची जमीन विकसित करायची तर एक तृतीयांश पालिकेला मोकळ्या जागेसाठी, एक तृतीयांश म्हाडाला घरांसाठी, उरलेली मालकाला. मालक पुढे येईनात. मग 2001 मध्ये नियम सैल झाला: वाटणी फक्त मुळात मोकळ्या असलेल्या जागेची, शेड पाडून निघालेली जमीन मालकाची. गिरणी ज्याने आतून पाहिलीय त्याला विचारा, शेडला शेड लागून; मोकळं अंगण ते केवढं! उच्च न्यायालयाने 2005 मध्ये हा अर्थ नाकारला, सर्वोच्च न्यायालयाने 2006 मध्ये मान्य केला.

सुमारे 600 एकरांचा हा पट्टा, तोही ऐन शहराच्या मध्यावर. लोअर परळच्या पुलावर उभं राहून बघा काय झालं त्याचं: मॉल, कचेऱ्या, पन्नास-साठ मजली टॉवर. म्हाडाच्या सोडतीत काही गिरणी कामगारांना गिरणीच्याच जागेवर घर लागलं. बाकीच्यांसाठी आधी पनवेलजवळचं कोन निघालं, मग शेलू आणि वांगणी. वांगणी बदलापूरच्याही पुढे आहे.