‘तिकडे चालतं’ म्हणणाऱ्यांनी आधी नकाशा बघावा

पहिला पाऊस पडला की महाराष्ट्रात हा वाद ठरल्यासारखा सुरू होतो. सड्यावर म्हणजे उघड्या कातळाच्या पठारावर, ओढ्यात, गडाच्या पायथ्याच्या गवतात फोर बाय फोर गाड्या घातलेले व्हिडिओ फिरू लागतात. एक बाजू म्हणते, गाड्या जप्त करा, सरसकट बंदी घाला. दुसऱ्या बाजूचं उत्तर आता पाठ झालंय : ‘अमेरिकेत सरकारी जंगलात खुशाल गाड्या घालू देतात, आपल्याकडेच सगळ्याला नन्नाचा पाढा.’ हे उत्तर मला सहन होत नाही. ज्या जंगलांचा दाखला दिला जातो त्यांपैकी कॅलिफोर्नियातलं एल्डोराडो नॅशनल फॉरेस्ट माझ्या इथल्या घरापासून फार लांब नाही. हायवे ५० वर प्लॅसरव्हिल मागे टाकलं की ते सुरू होतं. तिथे गाडी चालवता येते हे खरं आहे. पण कुठल्या वाटेवर, कुठल्या महिन्यात, किती रुंदीची आणि किती आवाजाची, हे सगळं आधी ठरलेलं असतं. आणि हे ठरवायला या देशाला ३३ वर्षं लागली.

८ फेब्रुवारी १९७२ रोजी राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी आदेश काढला, की सरकारी जमिनींवर अशा गाड्या कुठे चालतील आणि कुठे नाही हे प्रत्येक खात्याने ठरवावं. ठरवताना माती, पाणलोट, झाडोरा आणि वन्यप्राणी यांचं नुकसान कमीत कमी होईल असं बघावं. १९७७ मध्ये कार्टर यांनी त्याला जोड दिली : नुकसान होताना दिसलं तर वाट तिथल्या तिथे बंद करा. तरीही बऱ्याच जंगलांत ‘बंद’ अशी पाटी नसेल तिथे सगळं उघडं, हाच व्यवहार पुढे पंचवीस-तीस वर्षं चालू राहिला. लोक टेकडीवर सरळ उभ्या चाकोऱ्या पाडत गेले आणि त्या चाकोऱ्यांनाच वाटा म्हणू लागले. फॉरेस्ट सर्व्हिस म्हणजे अमेरिकेचं वनखातं; त्याचे तेव्हाचे प्रमुख डेल बॉसवर्थ यांनी जंगलांपुढचे चार मोठे धोके सांगितले, त्यांत वणवे, बाहेरून आलेल्या जाती आणि मोकळ्या जमिनींचा ऱ्हास यांच्या जोडीला ‘बेशिस्त पर्यटन’ होतं. नोव्हेंबर २००५ च्या नियमाने अखेर सगळं उलटं केलं. नकाशात जे उघडं दाखवलेलं नाही ते बंद.

हा नकाशा म्हणजे मोटर व्हेइकल यूज मॅप. फुकट मिळतो, काळापांढरा असतो, दिसायला अगदी रूक्ष. त्यावर प्रत्येक वाटेला क्रमांक आणि प्रकार असतो : फक्त रस्त्यावर चालवायला पासिंग झालेल्या गाड्यांसाठी, सगळ्या गाड्यांसाठी, ५० इंच किंवा त्याहून अरुंद गाड्यांसाठी, फक्त मोटरसायकलींसाठी. शेजारच्या तक्त्यात कुठल्या तारखेपासून कुठल्या तारखेपर्यंत, ते लिहिलेलं. ‘पाटी नव्हती’ हा बचाव चालत नाही, कारण कायदा पाटीवर उभाच नाही. पाट्या उपटल्या जातात, त्यांच्यावर गोळ्या झाडल्या जातात, बर्फात मोडतात. नकाशा जवळ ठेवणं ही चालवणाऱ्याची जबाबदारी.

आता महाराष्ट्रातल्या दोन्ही बाजूंना विचारावंसं वाटतं, की आपल्याकडे उघड्या वाटांची यादी कुठे आहे? १९२७ च्या भारतीय वन अधिनियमातल्या कलम २६ मुळे राखीव वनात परवानगीशिवाय शिरणं हा गुन्हा आहे. अभयारण्यात १९७२ च्या वन्यजीव कायद्याचं कलम २७ आहेच. म्हणजे कागदावर सगळं आधीच बंद. प्रत्यक्षात जिथे गाडीवाट दिसते तिथे गाडी जाते, कारण खाली जमीन राखीव वन आहे, गावाची आहे की कुणाच्या मालकीची, हे चाकावर बसलेल्याला कळायला मार्ग नाही. हद्दीचे बुरूज गवतात बुडालेले असतात. वनखात्याच्या कार्य आयोजनेत, म्हणजे जंगलाच्या कामांच्या आराखड्यात, कक्ष क्रमांक आणि वनरस्ते असतात, पण त्यातला नकाशा नाक्यावर लावलेला नसतो. बंदीची मागणी करणारे जे आधीच बंद आहे ते पुन्हा बंद करायला सांगतात, आणि ‘तिकडे चालतं’वाले तिकडचा तक्ता न वाचता तिकडचा दाखला देतात.

पण या वादात माती कुणाच्या तोंडी येत नाही, याचं मला सगळ्यात जास्त वाईट वाटतं. एल्डोराडोतले कच्चे रस्ते आणि वाटा किमान १ जानेवारी ते ३१ मार्च बंद असतात, आणि ओल टिकली तर मुदत वाढते. ओल्या मातीची ताकद जाते. चाक दोन-तीन इंच रुतलं की चाकोरी पडते, आणि चाकोरी पडली की पाणी वाटेच्या बाजूला उतरण्याऐवजी वाटेतूनच खाली धावायला लागतं. दोन पावसांत चाकोरीचा चर होतो. पुढचा माणूस चर चुकवायला शेजारच्या गवतात चाक घालतो, त्याच्यानंतरचा आणखी बाहेरून जातो, आणि आठ फुटांची वाट चाळीस फूट होते. दलदलीच्या कुरणात तर एका गाडीची चाकोरी सगळं कुरण आटवू शकते, कारण जमिनीत पसरून मुरणारं पाणी तिच्यातून वाहून जातं. याच मुद्द्यावर एल्डोराडोचा २००८ चा आराखडा कोर्टात अडकला, आणि कुरणांतून जाणाऱ्या ४२ वाटा बंद कराव्या लागल्या.

चाकोरीवरचा उपाय दंडाच्या पावतीत नसतो, तो वाटेच्या बांधणीत असतो. पाणी वळवायला वाटेवर आडवा मातीचा बांध घातला तर पायी चालणाऱ्यांच्या वाटेवर तो टिकतो. गाड्यांच्या वाटेवर चाकं महिन्याभरात त्याला खिंडार पाडतात. म्हणून गाड्यांसाठी लांबट खोलगा काढतात. उतरत्या वाटेला मध्येच काही पावलं उलटा चढ द्यायचा, चढाची माती दाबून घट्ट करायची, खोलग्याचा तळ बाहेरच्या अंगाला कलता ठेवायचा आणि तोंड रुंद सोडायचं, म्हणजे गाडी झोका घेतल्यासारखी पार होते आणि पाणी वाट सोडून बाजूच्या पाचोळ्यात उतरतं. बिघडतं ते तोंडाशी. तिथे गाळ साचतो, वर्षाआड कुणी फावडं मारलं नाही तर पाणी चढ ओलांडून पुन्हा वाटेला लागतं आणि खालचे सगळे खोलगे एकामागून एक फुटतात. वाटेचा उतार टेकडीच्या उताराच्या निम्म्याहून जास्त असेल तर कसलाच खोलगा कामाचा नाही. ती वाट हलवावीच लागते. सलग समतल चर खणलेल्या आपल्या गावकऱ्याला यातलं काही समजावून सांगावं लागणार नाही. इथे कॅलिफोर्नियात वाटांची पाहणी होते, तुकड्यांना हिरवा, पिवळा, लाल शेरा मिळतो, आणि लाल तुकडा एक तर दुरुस्त होतो, नाही तर बंद.

वाट बंद करणं हीसुद्धा कारागिरी आहे. नुसती साखळी लावली तर आठवड्यात तिच्या शेजारून नवी वाट पडते. गेटच्या दोन्ही अंगांना झाड किंवा एक तृतीयांश गाडलेले मोठे धोंडे हवेत. आतली माती फूटभर खोल उकरायची, म्हणजे दबलेल्या थरातून मुळं खाली जातील. मग तोंडापासून नजर पोचते तिथपर्यंत वाळक्या फांद्या आडव्या टाकायच्या आणि काही उभ्या पुरायच्या, म्हणजे इथे वाट होती हेच दिसत नाही. जी वाट दिसत नाही तिच्यात कुणी वळत नाही.

सड्यावर हे काहीच करता येत नाही. कातळावर माती बोटभर, फार तर वीतभर खोलगटात. त्या मातीत पावसापुरती उगवणारी सीतेची आसवं आणि गेंद. चाकाने ती पापुद्र्यासारखी निघते आणि उघड्या कातळावर पुन्हा माती साचायला माणसाचं आयुष्य पुरत नाही. रत्नागिरी-राजापूरकडच्या सड्यांवर तर कातळशिल्पं आहेत, २०२२ पासून युनेस्कोच्या संभाव्य यादीत असलेली. गवत वाढलं की चालवणाऱ्याला ती दिसणारही नाहीत. कॅलिफोर्नियाची खोल माती तीन महिन्यांच्या विश्रांतीने सावरते, म्हणून इथला नियम मोसमाचा आहे. सड्याला पावसात एकही चाक सोसणार नाही. ‘तिकडे चालतं’ हे वाक्य इथेच संपायला हवं.

आणि अंमलबजावणी. एल्डोराडोचा पसारा सुमारे ६ लाख एकर. रेंजर प्रत्येक वळणावर उभा राहू शकत नाही. म्हणून तपासणी वाटेच्या तोंडाशी आणि गर्दीच्या वीकेंडला होते. आवाज मोजायचा तर इंजिन गरम, गाडी उभी, मायक्रोफोन सायलेन्सरच्या तोंडापासून अर्धा मीटर, ४५ अंशांत, त्याच उंचीवर, आणि इंजिन कमाल फेऱ्यांच्या निम्म्यावर धरायचं. १९८६ पासून पुढच्या गाड्यांना ९६ डेसिबल, त्याआधीच्यांना १०१. शेजारी दुसरी गाडी किंवा भिंत असली तर आकडा फुगतो, म्हणून जागा मोकळी निवडतात. ठिणगी अडवणारी जाळी आहे का, हे सायलेन्सरवरचा शिक्का बघून आणि आत सळी सारून कळतं. सळी सरळ आत गेली तर जाळी काढून टाकलेली आहे. ऑगस्टमध्ये वाळलेल्या गवतावर अशी एक गाडी पुरे.

दंडाची कमाल मर्यादा ५,००० डॉलर आणि सहा महिने कैद, पण तेवढा क्वचितच होतो. पावती टिकते ती पुराव्यावर : जीपीएसचा बिंदू, चाकाच्या ठशाचा फोटो, त्या वर्षीचा नकाशा. आपल्याकडे वनरक्षकाकडून गाडी जप्त करून घ्यायची, पंचनामा करायला लावायचा, आणि पुढे वन अधिनियमाच्या कलम ६८ खाली तडजोड होऊन गाडी सुटायची. त्या धावपळीत त्याची बीट, म्हणजे त्याने राखायचा टापू, मोकळी पडते. जप्तीच्या मागणीवर टाळ्या वाजवणाऱ्यांनी त्या एका माणसाचा विचार करावा, ज्याच्याकडे अनेकदा स्वतःची मोटरसायकल सोडून दुसरं वाहन नसतं.

इथे पैसा चालवणाऱ्यांकडूनच येतो, हे मात्र उचलण्यासारखं आहे. कॅलिफोर्नियात अशा गाड्यांना घ्याव्या लागणाऱ्या स्टिकरची फी आणि इंधन कराचा वाटा एका निधीत जातो, आणि त्यातल्या अनुदानांची वाटणी कायद्यात लिहिलेली आहे : ५० टक्के देखभाल, २५ टक्के बिघडलेल्या जमिनीची दुरुस्ती, २० टक्के अंमलबजावणी, ५ टक्के शिक्षण. तरीही चुका झाल्या. एल्डोराडोतून जाणारी रुबिकॉन ट्रेल, जिच्या नावावर जीप विकल्या जातात, तिथे गाळ, सांडलेलं तेल आणि माणसांची विष्ठा पाण्यात जात असल्यावरून २००९ मध्ये जलगुणवत्ता मंडळाला काउंटी (तिथलं जिल्हा प्रशासन) आणि फॉरेस्ट सर्व्हिस दोघांना आदेश काढावा लागला. त्यानंतर शौचालयं आली, तेल टिपायच्या गाद्या आणि जाड पिशव्या आल्या. ही लाजिरवाणी गोष्ट इथले लोक उघड सांगतात, आणि मला त्यांचं हे आवडतं.

आता एक गोष्ट कबूल केल्याशिवाय हे लिहिणं प्रामाणिक होणार नाही. एल्डोराडोत नकाशावर रेघ मारणं सोपं गेलं, कारण जंगलात कुणी राहत नाही. राहत होते. निसेनान, मिवोक, वॉशो लोकांची ही जमीन. १८४८ मध्ये खाली कोलोमाला सोनं सापडलं आणि पुढच्या काही वर्षांत त्यांना मारून, हुसकावून ती रिकामी केली गेली. त्या रिकाम्या जमिनीवरच्या नकाशाचं मी वर इतकं कौतुक केलं. सह्याद्रीत धनगरवाडा आहे, दुधाची किटली लावलेली मोटरसायकल त्याच चाकोरीतून उतरते, आजारी माणूस त्याच वाटेने खाली येतो. पुण्याहून आलेल्या जीपसाठी लावलेली साखळी आधी त्यांना अडवेल. म्हणून नकाशा करायचा तर तो ग्रामसभेत बसून करावा. २००६ च्या वनहक्क कायद्याचं कलम ५ ग्रामसभेला जंगल आणि पाणलोट राखायचा अधिकार देतं. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाने २००९ मध्ये सामूहिक हक्क मिळवून ते कसं करायचं हे दाखवलं आहे. गावाच्या गाड्यांना लेखी मुभा, बाहेरच्या गाड्यांना ठरलेल्या दोन-तीन वाटा, जून ते ऑक्टोबर पूर्ण बंद, फी ग्रामसभेच्या समितीच्या खात्यात आणि त्यातून उन्हाळ्यात खोलगे साफ. कासला दिवसाला तीन हजारांची मर्यादा लागू होऊ शकते, तर हेही होऊ शकेल.

मराठीत ‘आमचं’ आणि ‘आपलं’ वेगळं. ‘आमचं’ म्हटलं की ऐकणारा बाहेर राहतो, ‘आपलं’ म्हटलं की तो आत येतो. इथल्या मित्रांशी बोलताना मी सह्याद्रीला ‘आमचा’ म्हणतो आणि एल्डोराडोला ‘आपलं’, कारण त्याच्या देखभालीला माझा कर जातो आणि नवीन आराखड्यावर हरकत नोंदवायचा हक्क मला आहे. हा मजकूर लिहिताना मात्र सड्याच्या आधी प्रत्येक वेळी ‘आपला’ लिहावंसं वाटलं. ज्या सड्यावर भर पावसात राखणीला मी उभा राहणार नाही, ज्या ग्रामसभेत माझा हात वर होणार नाही, त्याच्यासाठी हा शब्द मी वापरावा का, हे मला ठरवता आलेलं नाही. वर ‘आपल्या गावकऱ्याला’ असं लिहिलंय ते वाचून कुणी मला हटकलं, तर ते मी ऐकून घेईन.