एकवीस दिवस शिवशिवणारे हात

कडकनाथ कोंबडीला निसर्गाने सगळं काळं दिलं. पिसं, चोच, तुरा, पाय, कातडी, मांस. हाडांवरही काळी झाक. दोन गोष्टी मात्र द्यायच्या राहून गेल्या: काळं अंडं, आणि ते उबवायची हौस. पहिल्या गोष्टीचं दुःख पाहुण्यांना होतं. अंडं बघायला म्हणून येतात आणि हातावर फिकट बदामी रंगाचं, चाळीस-पंचेचाळीस ग्रॅमचं अंडं पडलं की आपण त्यांना फसवलं अशा नजरेने बघतात. रक्तही लालच असतं, हे मी त्याच दिवशी सांगत नाही. एका माणसाची एका दिवशी किती निराशा करायची?

दुसऱ्या गोष्टीचं दुःख आपलं. मध्य प्रदेशातल्या झाबुआ, धार, अलीराजपूर भागात भिल्ल-भिलाला घरांनी पिढ्यान्‌पिढ्या सांभाळलेली ही जात. तिकडे तिला कालीमासी म्हणतात, आणि २०१८ साली झाबुआच्या कडकनाथ मांसाला भौगोलिक मानांकनही मिळालं. पण मानांकन मिळालं म्हणून बाई अंड्यांवर बसतील असं नाही. अंडं घालायचं, आळी गोळा होईल एवढं ओरडायचं आणि चरायला जायचं, इथे त्यांचं मातृत्व संपतं. खुडूक, म्हणजे अंड्यांवर ठाण मांडून बसणाऱ्या, क्वचितच होतात, आणि झाल्याच तर २१ दिवस टिकतील याचा भरवसा नाही. म्हणून रवणीला, म्हणजे अंडी उबवायला, बसवायची ती गावरान कोंबडी, नाहीतर उबवणीचं यंत्र.

पिल्लांचे शत्रू मोजायला बसलं तर मुंगूस, बोका, घार, साप अशी यादी होते. मी त्यांच्या आधी माणसाचा हात मोजतो. अंडी उबवणं म्हणजे मुख्यतः काही न करणं, आणि ते आपल्याला जमत नाही.

हाताची पहिली चूक अंडी निवडतानाच होते. जरा घाण दिसली की आपण अंडं धुतो. कवचावर एक पातळ नैसर्गिक लेप असतो; तो पाण्याने गेला की जंतूंना दार उघडं. फार मळलेलं अंडं बाजूला काढून त्याचं ऑम्लेट करावं. उबवायची अंडी सात दिवसांपेक्षा जुनी नकोत, फ्रिजमधली नकोत. निमुळतं टोक खाली करून घरातल्या सगळ्यात गार कोपऱ्यात ठेवावीत. आठ-दहा कोंबड्यांमागे एक कोंबडा हवा. लांबट अंड्यातून कोंबडा आणि गोल अंड्यातून तलंग, म्हणजे मादी, निघते असं सांगणारा एक काका प्रत्येक आळीत असतो. त्यांना चहा द्यावा, अंडी निवडायला देऊ नयेत.

गावरान कोंबडी खुडूक झाली हे ओळखणं सोपं: पिसं फुलवून बसते, हात नेला की कुडकुडते, टोचते, पोटाखालची पिसं झडलेली असतात. टोपलीत खाली राख, वर पेंढा घालून उथळ खड्डा करायचा. दहा-बारा अंडी पुरे. जास्त ठेवली तर कडेची गार पडतात आणि ती आलटून पालटून आत-बाहेर करते, म्हणजे सगळ्यांच्याच वाट्याला गारठा. अंडी रात्री, अंधारात पोटाखाली सरकवावीत, सगळी एकाच दिवशी. प्रत्येकावर पेन्सिलीने खूण करायची, कारण दुपारी ती दाणे खायला उठली की दुसऱ्या कोंबड्या तिच्या टोपलीत आपलं अंडं टाकून जातात. सार्वजनिक सोय म्हणून. बिनखुणेचं अंडं रोज उचलायचं. नाहीतर एकविसाव्या दिवशी नऊ पिल्लं घेऊन ती निघते आणि मागे अर्धवट उबलेली चार अंडी अनाथ होतात. ती दिवसातून एकदा पंधरा-वीस मिनिटं उठते, खाते, राखेत लोळते, एक प्रचंड शिट टाकते आणि परत बसते. या वेळात तिच्या मागे ‘अगं बस, अगं बस’ करत फिरू नये. तिला वेळ कळते.

यंत्राला काही कळत नाही, म्हणून तिथे आपल्या हाताला भलताच वाव. पंखा असलेल्या यंत्रात ३७.५ अंश सेल्सिअस. बिनपंख्याच्या थर्माकोलच्या खोक्यात अंड्याच्या वरच्या पातळीला एखादा अंश जास्त. स्वस्त यंत्राचा लाल आकडा म्हणजे निवडणुकीतलं आश्वासन. शेजारी दुसरा तापमापक ठेवून ताडून घ्यावं. अंश-अर्धा अंश कमी राहिला तर पिल्लं बाविसाव्या-तेविसाव्या दिवशी मरगळून निघतात. जास्त झाला तर घाईने, बेंबी ओली असतानाच. आर्द्रता पहिले १८ दिवस ५० ते ५५ टक्के. अंडी दिवसातून विषम वेळा फिरवायची, तीन किंवा पाच, म्हणजे रात्रीची लांब पाळी रोज त्याच कुशीवर जात नाही. न फिरवल्यास गर्भ कवचाच्या आतल्या पापुद्र्याला चिकटतो.

सातव्या दिवशी अंधारात अंड्यामागे बॅटरी धरायची. कोळ्यासारख्या लाल शिरा दिसल्या तर जीव आहे. नितळ दिसलं तर कोंबड्याची कसूर, नाहीतर अंडं जुनं. लाल कडं दिसलं तर गर्भ धरून मेला. अशी अंडी काढून टाकायची. आत राहिलेलं नासकं अंडं फुटलं की शिक्षा घरातल्या सगळ्यांना समान होते. बॅटरीची हौस मात्र रोज भागवायची नाही. सातवा आणि अठरावा दिवस पुरे.

वीज अर्थातच जाते. तेव्हा झाकण उघडून ‘गार झालं का’ बघणारा माणूस घरात असतोच; बहुतेक वेळा तो आपणच असतो. खोक्यावर घोंगडी टाकायची, फार वेळ लागला तर गरम पाण्याच्या बाटल्या आत ठेवायच्या आणि गप्प बसायचं. गर्भ दोन-चार तासांचा गारवा बऱ्याचदा सोसतो. चाळिशीवरचा उष्मा सोसत नाही.

अठराव्या दिवसापासून फिरवणं बंद, आर्द्रता ६५ ते ७०, झाकण बंद. हे तीन दिवस खरी परीक्षा. विसाव्या दिवशी कवचाला टिचका दिसतो, आतून चिवचिव येते आणि मग बारा तास काहीही होत नाही. बारा तास! कधी चोवीस. आत ते पिल्लू फुप्फुसं चालू करत असतं, पापुद्र्यातलं रक्त आणि उरलेला बलक पोटात ओढून घेत असतं. बाहेर आपण नखं खात असतो. मग कुणीतरी म्हणतं, ‘जरासं सोडवू का?’ सोडवलं तर रक्त येतं. आणि झाकण उघडल्यामुळे ओल उडून बाकीच्यांचा पापुद्रा वाळतो, त्यांच्या अंगाला चिकटतो. एकाला वाचवताना चार अडकतात. निघालेल्या पिल्लांना भूक लागली असेल हीही चिंता नको. पोटातल्या बलकावर दोन दिवस सहज निघतात. लव सुकून फुलेपर्यंत आतच ठेवायची.

पुढे पहिल्या आठवड्यात ऊब ३५ अंश, मग दर आठवड्याला तीनेक अंश कमी. त्यासाठी जुना पिवळा बल्ब लागतो, आणि तो शोधणं हे उबवण्याहून अवघड. एलईडीचा उजेड पडतो, ऊब नाही. पत्र्याचा किंवा पुठ्ठ्याचा गोल आडोसा करावा, चौकोनी नको: गारठली की पिल्लं कोपऱ्यात एकमेकांवर चढून गुदमरतात. नुसता वर्तमानपत्राचा कागद घातला तर पाय घसरून फाकतात. तुसावर गोणपाट बरा. पाण्याच्या थाळीत खडे, नाहीतर बुडतात. बल्बखाली गठ्ठा म्हणजे थंडी, कडेला पांगून चोची उघड्या म्हणजे उष्मा. हा तापमापक फुकट आणि खरा.

पाचव्या ते सातव्या दिवशी मानमोडी रोगावरची लासोटा लस डोळ्यात एक थेंब. इथे आपला छोटा संसार उघडा पडतो: कुपी शंभर पिल्लांची, पिल्लं नऊ. विरघळवलेली लस तास-दोन तास टिकते, उद्यापर्यंत नाही. शेजाऱ्यापाजाऱ्यांची पिल्लं त्याच सकाळी गोळा करावीत.

नऊपैकी कोंबडे किती ते आठ-दहा आठवडे नीट कळत नाही. मग कळतं, पाच. पहाटे चार वाजता, फाटक्या गळ्याने, सगळे एकदम. तलंगा सहाव्या महिन्याच्या सुमारास अंडी धरतील, तोवर भरडा आपला. आणि कोपऱ्यातल्या टोपलीत गावरान बाई पुन्हा पिसं फुलवून बसलेल्या असतात. हात घालून बघावं तर खाली नदीतला एक गुळगुळीत गोटा.