‘डेपेश मोड १९९५ सालीच संपला’ म्हणणाऱ्यांना

ब्रिटिश इलेक्ट्रॉनिक संगीताचा विषय निघाला की एक मजकूर हटकून पुढे सरकवला जातो. त्याचा मथितार्थ असा: सुरुवातीचा गीतकार व्हिन्स क्लार्क गेला तेव्हा डेपेश मोड या बँडची चांगली गाणी गेली, मग त्याच्या जागी आलेल्या ॲलन वाइल्डरने बँडला एकहाती मोठे केले, अँडी फ्लेचर हा बिनकामाचा भिडू होता, आणि १९९५ मध्ये वाइल्डर बाहेर पडल्यावर उरली ती नुसती नावाची पाटी. ऐकायला हे छान वाटते. पण चारपैकी एकाच दाव्यात थोडाफार जीव आहे, आणि तोही ‘एकहाती’ या शब्दाने घालवला आहे.

क्लार्कपासून सुरुवात करू. लंडनच्या पूर्वेला, एसेक्समधल्या बॅसिल्डन गावात १९८० मध्ये बँड जमला: क्लार्क, फ्लेचर, मार्टिन गोर आणि गायक डेव्ह गान. (आडनावाचा उच्चार खरोखरच ‘गान’ असा आहे, गायकाला याहून चपखल आडनाव मराठीतही सापडायचे नाही.) १९८१ च्या ‘स्पीक अँड स्पेल’ या पहिल्या अल्बममध्ये दोन रचना सोडल्या तर सगळी गाणी क्लार्कची. ‘जस्ट कान्ट गेट इनफ’ ब्रिटनमधल्या विक्रीच्या यादीत आठव्या क्रमांकापर्यंत गेले, आणि वर्ष सरता सरता क्लार्क निघून गेला. आता हिशेब बघा. १९८२ च्या सुरुवातीला आलेले ‘सी यू’ गोरने लिहिलेले होते आणि ते सहाव्या क्रमांकावर पोहोचले, म्हणजे क्लार्कच्या कुठल्याही डेपेश मोड गाण्यापेक्षा वर. ‘अ ब्रोकन फ्रेम’ हा दुसरा अल्बमही पहिल्यापेक्षा दोन पायऱ्या वर गेला. तो कच्चा आहे, काही गाणी तर चक्क पोरकट आहेत, हे मला मान्य आहे. पण ‘गाणी गेली’ म्हणायला आधार कुठला? क्लार्कचेही काही बिघडले नाही. त्याने याझू हा बँड काढला, ‘ओन्ली यू’ दुसऱ्या क्रमांकावर नेले, पुढे इरेजर हा आणखी एक बँड उभा केला. दोन्ही बाजूंचे भले झालेली अशी फारकत क्वचितच दिसते.

आता वाइल्डर. हा दावा सगळ्यांचा लाडका आहे, आणि तथ्यही त्यातच जास्त आहे. ‘मेलडी मेकर’ या साप्ताहिकातली जाहिरात वाचून तो आला. बँडला एकविशीच्या आतला माणूस हवा होता; हा बावीसचा होता, वय चोरून दाखल झाला. बाकीचे चाचपडत शिकलेले, हा रीतसर पियानो शिकलेला. तरी ‘अ ब्रोकन फ्रेम’च्या ध्वनिमुद्रणात त्याला घेतले नाही, कारण क्लार्कवाचून आपले अडत नाही हे तिघांना दाखवून द्यायचे होते. पुढच्या बारा-तेरा वर्षांत मात्र स्टुडिओत तळ ठोकून एकेका आवाजावर घासत बसणारा माणूस तोच होता. ‘एन्जॉय द सायलेन्स’ची गोष्ट सगळे सांगतात, आणि ती खरी आहे. गोरने आणलेला डेमो, म्हणजे गाण्याचा कच्चा नमुना, ही हार्मोनियमच्या सुरांवर गायलेली संथ विराणी होती. तिला नाचता येईल असा ठेका द्यावा, ही कल्पना वाइल्डरची. गोरला ती आधी पटलीही नव्हती.

पण म्हणून एकहाती? त्याच गाण्याचे शब्द आणि चाल गोरची, गिटारवरची ती ओळखीची सुरावटही त्याचीच. निर्मितीला फ्लड या टोपणनावाचा निर्माता बसलेला होता, आणि शेवटचे मिश्रण बँडचे अल्बम काढणाऱ्या म्यूट रेकॉर्ड्सचा मालक डॅनियल मिलर आणि फिल लेग यांनी केले. मागे जाऊन १९८३ चा ‘कन्स्ट्रक्शन टाइम अगेन’ घ्या. लंडनच्या शोरडिच भागातल्या ‘द गार्डन’ स्टुडिओभोवती पडक्या जागा होत्या. तिथे पत्रे, पाइप, लोखंड बडवून आवाज टिपायचे आणि सॅम्पलरमध्ये (टिपलेला आवाज हव्या त्या सुरात वाजवणाऱ्या यंत्रात) घालून त्यांचे ताल-सूर करायचे, या उद्योगात मिलर होता, ध्वनितंत्रज्ञ गॅरेथ जोन्स होता, सगळा बँड होता. वाइल्डरने अल्बमांसाठी स्वतः लिहिलेली गाणी मोजून तीन, आणि १९८४ नंतर एकही नाही. रचना लावणे ही थोर कला आहे. पण लावायला आधी काहीतरी असावे लागते, आणि ते दरवेळी गोरच्या डेमोतून यायचे.

मला वाटते, या बँडचा इतिहास ‘कोण गेला’ या बाजूने वाचला की फसायला होते. गोरचे गाणे आणि गानचा आवाज ही जोडी १९८२ पासून आजवर हललेली नाही. बदलत राहिली ती तिसरी खुर्ची, गाण्याला अंगडे-टोपडे चढवणाऱ्याची. तिच्यावर मिलर बसला, जोन्स बसला, सर्वांत जास्त काळ आणि सर्वांत दिमाखात वाइल्डर बसला. त्याच्यानंतर टिम सिमनन, मार्क बेल, बेन हिलियर, जेम्स फोर्ड. वाइल्डरइतका त्या खुर्चीत कोणी शोभला नाही, हे कबूल. त्याच्या काळातल्या ‘व्हायोलेटर’ या अल्बममध्ये एका आवाजाआड दुसरा, त्याआड तिसरा दडलेला असतो, तशी वीण नंतर सापडत नाही. हे नुकसान खरेच आहे. पण नुकसान होणे वेगळे आणि संपणे वेगळे.

फ्लेचरला बिनकामाचा म्हणणारे त्याचेच वाक्य पुढे करतात: ‘१०१’ या माहितीपटात त्याने मार्टिन गाणी लिहितो, ॲलन चांगला वादक आहे, डेव्ह गातो आणि मी इकडे-तिकडे करतो, असे स्वतःच सांगून टाकले होते. विनोदाला कबुलीजबाब समजणाऱ्यांना काय सांगावे! १९९४ मध्ये तो दौरा अर्धवट सोडून गेला, त्याच्या जागी डॅरिल बॅमाँट उभा राहिला आणि दौरा चालू राहिला, हेही खरे. त्याचे काम कीबोर्डच्या पट्ट्यांवर नव्हतेच मुळी. हा माणूस आधी विमा कंपनीत नोकरीला होता. बँडला कितीतरी वर्षे रीतसर व्यवस्थापक नव्हता, म्यूटशी करार झाला तोही तोंडी, हस्तांदोलनावर. अशा घरात जमाखर्च आणि वेळापत्रक तो बघायचा. शिवाय गोर आणि गान यांच्यातला दुवा तोच होता. २६ मे २०२२ ला तो गेला, आणि आता आपल्याला एकमेकांशी थेट बोलावे लागते, हे दोघांनीही मुलाखतींत सांगितले आहे.

राहिली पाटी. १ जून १९९५ ला वाइल्डरने राजीनामा दिला. कामाची विषम वाटणी आणि कदर न होणे ही कारणे त्यानेच दिली. वर्षभराने, मे १९९६ मध्ये, अमली पदार्थांच्या अतिसेवनाने गानचे हृदय दोन मिनिटे थांबले. बँड संपायचा तर तेव्हाच संपला असता. त्याऐवजी १९९७ मध्ये ‘अल्ट्रा’ हा अल्बम आला आणि ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेला. त्यानंतरचा ‘एक्सायटर’ मला कधीच भावला नाही, ‘साउंड्स ऑफ द युनिव्हर्स’ची तीन-चार गाणी सहज कापता आली असती. पण २००५ च्या ‘प्लेइंग द एंजल’मध्ये गानची स्वतःची गाणी पहिल्यांदा बँडच्या अल्बममध्ये आली, आणि त्यातलेच गोरचे ‘प्रेशस’ चौथ्या क्रमांकावर गेले. पाटी गाणी लिहीत नाही.

२०२३ चा ‘मेमेंटो मोरी’ हा अल्बम फ्लेचरनंतर दोघांनी केला. त्यातली चार गाणी गोरने सायकेडेलिक फर्स या बँडच्या रिचर्ड बटलरबरोबर लिहिली, म्हणजे या वयातही नवा जोडीदार घ्यायची तयारी. त्या दौऱ्यात ‘वर्ल्ड इन माय आइज’ फ्लेचरसाठी म्हटले जायचे, ते त्याचे आवडते गाणे. मागच्या पडद्यावर त्याचा चेहरा, पुढे गान गातोय, शब्द गोरचे, आणि गाणे ‘व्हायोलेटर’मधले, वाइल्डरच्या काळातले.