काय देऊ, असं विचारणारा माणूस

आज डोकं फिरलंय, म्हणून लिहितेय. लांबेल.

रविवारी मी परळला आमच्या शिध्याच्या खोलीत असते, हे तुम्हाला माहीत आहेच. टाटा कॅन्सर हॉस्पिटलला उपचाराला आलेल्या गावाकडच्या लोकांना तिथून डाळ, तांदूळ, रवा, तेल मिळतं. आज अकराच्या सुमाराला एक गृहस्थ मुलाचा वाढदिवस म्हणून आले. पन्नास पाकिटं फरसाण, तेवढेच कडक बुंदीचे लाडू आणि एक फोटोग्राफर. हो, फोटोग्राफर! समोर बाकावर तोंडाच्या कॅन्सरचे तीन पेशंट. जबड्याचं ऑपरेशन झालेलं, नाकात नळी. त्यातल्या एका आजोबांच्या हातात लाडू ठेवला आणि म्हणे, "आजोबा, इकडे बघा."

आजोबांनी बघितलं. मलाच बघवलं नाही.

मागच्या वर्षीची गोष्ट. जालन्याकडची एक बाई नवऱ्याला घेऊन आली होती. मी मोठ्या तोऱ्यात पाच किलो तांदूळ आणि दोन किलो तूरडाळ पुढे केली. ती म्हणाली, "ताई, यांना घास जात न्हाई. नळीतून द्यावं लागतं. डाळ पार पाण्यावानी पाहिजे, गुठळी आली की नळी तुंबती." ती शिजवलेला डाळभात हाताने कुस्करून पदरातून गाळायची. एका वाटीला अर्धा तास, दिवसातून पाच-सहा वेळा.

त्याच दुपारी लालबागचे एक काका आले. हात रिकामे. "काय देऊ, ते विचारायला आलोय," म्हणाले. मला वाटलं, आले टाइमपास करायला. वैतागून त्या बाईकडे बोट दाखवलं, तिलाच विचारा म्हटलं. काकांनी खरंच विचारलं. तिच्याजवळ खाली बसून, दहा मिनिटं. तासाभराने मिक्सर घेऊन हजर! आणि सोबत एक्स्टेंशन बोर्ड, कारण आमचा प्लग ओट्यापासून लांब आहे हे त्यांनी जाता जाता पाहून ठेवलं होतं. त्या खोलीत मी चार वर्षं वावरतेय, माझ्या कधी लक्षात आलं नाही. पावतीवर नाव घालू का विचारलं, तर म्हणाले, "मिक्सरचं घाला."

गाडगेबाबांनी भुकेलेल्यांना अन्न सांगितलं, ते आपण भिंतीवर रंगवून ठेवतो. पण त्यांनी धर्मशाळाही बांधल्या. त्यांच्या नावाच्या दादरच्या धर्मशाळेत आजही कॅन्सरचे पेशंट आणि त्यांचे नातेवाईक राहतात. टेकायला जागा नसेल तर पोतंभर तांदूळ घेऊन माणूस करणार काय? रेशनचे महिन्याला माणशी पाच किलो आता कुठल्याही राज्यात उचलता येतात म्हणे. ठीक आहे, पण फूटपाथवर शिजवायचे कशात? शिवभोजनची दहा रुपयांची थाळी चांगलीच, पण चपाती नळीतून जात नाही.

फोटो पाहून आणखी चार जण देतात, हे मान्य. फरसाणही वाया गेलं नाही, सोबतच्या लोकांनी चहाबरोबर खाल्लं. तेही मान्य.

आणि आता राग जरा उतरलाय तर हेही सांगते. निघताना त्या गृहस्थांच्या मुलाने विचारलं, "बाबा, आजोबा लाडू का खात नाहीत?" बाप गप्प. मग माझ्याकडे येऊन हळूच म्हणाला, "मॅडम, मला कुणी सांगितलंच नाही." खरं आहे. दारावर आमचीच पाटी आहे, 'देणगी स्वीकारली जाईल.' काय हवंय, ते आम्ही लिहिलंय कुठे? मी चिडून बसले होते, पण तो आला तेव्हा तोंड उघडलं का? नाही.

पाटी आजच बदलली. मूगडाळ, नाचणीचं पीठ, दूध पावडर, घट्ट झाकणाचे छोटे डबे, बारीक जाळीच्या गाळण्या. जुने कपडे नकोत. ज्यांना द्यायचंय त्यांनी आधी मला मेसेज करा.

तो मिक्सर अजून चालतो, सकाळी सातपासून रांग असते. जालन्याची बाई नवऱ्याला घेऊन कधीच गावी गेली. काका मात्र महिन्यातून एकदा येतात, भांडी उलटी करून बघतात. आत्ता हे लिहिता लिहिता त्यांचाच फोन आला. मोठ्या भांड्याचं रबर सैल झालंय का, विचारत होते.

झालंय काका. कालपासून गळतंय.